सड्यावरचा मासा

आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला कातळाचा सडा आहे आणि त्यावर बैलगाडीएवढा मासा कोरलेला आहे. आमचा पहिला पूर्वज खाडीतून वर चढून आला, इथे त्याचं पोट भरलं, म्हणून त्याने तो कोरला, असं वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. रत्नागिरीहून खाणवाले आले, त्यांना मासाबिसा काही दिसला नाही. त्यांना चिरे दिसले. सडा सरकारी, त्यामुळे आमचं कोण ऐकणार? माझी झोपच उडाली.

मासा प्राचीन आहे असं पुरातत्त्व खात्याच्या अहवालात आलं तरच सडा वाचणार होता. म्हणून मीच त्या खात्यातल्या एका बाईंना गळ घातली. पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

बाई आल्या तेव्हा अख्खी वाडी उन्हात उभी होती. त्या गुडघ्यांवर बसून रेघेच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही रेघ कोणी कोरली?"

बाबा मोठ्या तोऱ्यात पुढे झाले. तो मान आमच्या घराचा. "शिमग्याला पालखी हितं येते ना, तेच्या आधी आमी दरवर्षी पहार, छिन्नी घेऊन रेघा उकरून साफ करतो. देवाला मासा नीट दिसाया पायजे."

"दरवर्षी?"

"माझा बापूस करायचा, तेचा बापूस करायचा. कदी खाडा न्हाय."

बाईंनी रेघेवरचं बोट उचललं. मग त्यांनी समजावलं, की जुन्या रेघेची कड झिजते, तिच्यावर काळपट थर बसतो, त्यावरून तिचं वय कळतं. इथे सगळीकडे छिन्नीचे ताजे घाव. मासा जुना असेलही, पण तसं लिहायला त्यांच्याकडे पुरावा नव्हता.

मी त्यांच्याशी तावातावाने भांडले. एखादा कल्ला, शेपटीचं टोक, काहीतरी सुटलं असेलच की! त्या तापल्या कातळावर रांगत मी सगळा मासा धुंडाळला, गुडघे सोलवटून घेतले. आमच्या माणसांनी कुठे तसूभर कसूर केली नव्हती. त्यांच्या त्या निष्ठेचा मला भयंकर संताप आला आणि सगळ्यांदेखत मी ढसाढसा रडले.

बाबांनी बाईंना विचारलं, "मंग आमी ह्येला हात लावला नसता तं?"

"तर कदाचित वाचला असता."

बाई निघाल्या तेव्हा सगळ्यांनी नमस्कार केला. बाबांनी केला नाही. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.