सूचना पाळणारे माझे भावोजी

या देशात छापील सूचना कोट्यवधी असतील, पण त्या सगळ्याच्या सगळ्या पाळणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या नशिबी आला. भावोजी बोर्डीच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. ॲसिडच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचण्यात उभी नोकरी गेली, त्यामुळे छापलेलं अक्षर म्हणजे ब्रह्मवाक्य. कुणी हसलं, तर एकच प्रश्न विचारतात, "छापणाऱ्याकडे काय शाई जास्त झाली होती?" एकदा मी, ताई आणि भावोजी डहाणूहून एसटीने चिखल्याला त्यांच्या घरी निघालो होतो. गाडी चालवत होता त्यांचा सख्खा चुलतभाऊ. त्याने मोठ्या प्रेमाने विचारलं, "दादा, काकूची तब्येत कशी आहे?" भावोजी गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प, कारण समोर लिहिलेलं होतं, चालकाशी बोलू नये. बिचारा रुसला. चिखल्याला उतरल्यावर हे महाशय त्याच्या खिडकीखाली गेले आणि म्हणाले, "बरी आहे. गुडघे तेवढे दुखतात." तोवर गाडी सुटलीसुद्धा होती.

लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं असलं की आपण सगळे पाकीट घेऊनच जातो की नाही? भावोजी हात हलवत जातात आणि पोटभर जेवून येतात. ताईला मेल्याहून मेल्यासारखं होतं. ती आता पत्रिका आली की आधी स्वतः वाचते आणि ती ओळ असली तर पत्रिका तांदळाच्या डब्यामागे लपवते. नवीन फ्रिज आला तेव्हा पुस्तिकेत लिहिलं होतं, जागेवर ठेवल्यावर काही तास सुरू करू नका. भावोजी खुर्ची टाकून फ्रिजच्या राखणीला बसले, आणि मी तळपत्या उन्हातून मोठ्या हौसेने नेलेलं आइस्क्रीम आम्ही वाटीतून प्यायलो.

या दोघांना मूल नाही. माझी मनाली पहिलीपासून दहावीपर्यंत त्यांच्याकडेच राहून शिकली. आमचं घर तलासरीला, आम्ही दोघं नोकरीवर, आणि ताईचा जीव तिच्यात अडकलेला. पोरगी पेन्सिल तासायची तीसुद्धा काकांनी सांगितलेल्या दिशेने. ती कॉलेजला गेली तेव्हा आम्ही वापीला लॅपटॉप घ्यायला गेलो. काका अर्थातच बरोबर. दुकानात यंत्र सुरू केलं, तर पडद्यावर सूचना आली की, पुढे बिघाड झाल्यास मूळ प्रणाली परत घालता यावी म्हणून तिची प्रत आत्ताच काढून ठेवा. दुकानदार हसला. "काका, आ तो बधा कॅन्सल करे छे." म्हणजे, हे तर सगळेच रद्द करतात. भावोजींनी तिथेच पेन ड्राइव्ह विकत घेतला आणि अडीच तास बसून प्रत काढली. आमची परतीची गाडी गेली. मी इतकी तापले होते की काय सांगू! त्यांनी मात्र तो पेन ड्राइव्ह समुद्राच्या खाऱ्या हवेपासून जपायला घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घातला, डब्यावर तारीख घातली आणि तो चिखल्याला कपाटात ठेवला. आम्ही पुढे कितीतरी वर्षं त्या डब्यावरून त्यांची टर उडवली.

आणि मग गेल्या वर्षी, शनिवारी मनालीची बंगळुरूच्या नोकरीसाठी घरून द्यायची परीक्षा, आणि गुरुवारी लॅपटॉपने टक् टक् करत मान टाकली. परीक्षा कॅमेऱ्यासमोर, बंद खोलीत, लॅपटॉपवरच, मोबाईल चालणार नाही. दुसऱ्यांदा संधी नाही. दोन वर्षं ती या परीक्षेसाठी मरमर अभ्यास करत होती. पोरगी नुसती भिंतीकडे बघत बसली. मी लॅपटॉप उचलून दुरुस्तीच्या दुकानात धावले. दुरुस्तीवाला म्हणाला, "मॅडम, हार्डडिस्क गेली. नवी टाकतो, पण विंडोज टाकणारा माणूस सोमवारी येईल. परीक्षेचं सॉफ्टवेअर त्यावर चालेलच, याची गॅरंटी नाही." ओळखीच्या घरांत लॅपटॉप मागून पाहिले. एकाचा ऑफिसचा निघाला, दुसऱ्याचा कॅमेरा बंद. शेवटी रडत ताईला फोन केला.

शुक्रवारी दुपारी भावोजी दोन गाड्या बदलून डबा छातीशी धरून हजर. दुकानात गेलो. दुरुस्तीवाल्याने एक छोटी डिस्क काढली. भावोजींनी डब्याबरोबर आणलेली लॅपटॉपची पुस्तिका उघडली. "नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. पान चौदा."

"चालतं हो काका. मी शंभर केल्यात."

चाललं नाही. अर्ध्या तासाने पडद्यावर आलं, जागा अपुरी. भावोजींनी फक्त पान चौदा उघडून काउंटरवर ठेवलं. त्याने मुकाट्याने आतून मोठी डिस्क आणून बसवली, आणि घरी आणून आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पडद्यावर टक्क्यांचा आकडा हळूहळू चढत होता, आणि चौसष्टवर दिवे गेले. लॅपटॉपची बॅटरी जुनी, पंधरा मिनिटांची धनी. पडद्यावर स्पष्ट लिहिलेलं, काम संपेपर्यंत यंत्र बंद करू नका. "सुमन, इन्व्हर्टर कुणाकडे आहे?" मी म्हटलं, नाक्यावरच्या मेडिकलमध्ये. झालं! भावोजींनी चालू लॅपटॉप गणपती उचलावा तसा दोन्ही हातांवर घेतला आणि निघाले. मागे मी चार्जर घेऊन, पुढे मनाली मोटरसायकली थांबवत. "अरे थांब की! दिसत नाही का, काका येतायत!" बाजारातले लोक बाजूला झाले. एक आजीबाई तर हातच जोडून उभ्या राहिल्या. मेडिकलवाल्याने खोकल्याच्या बाटल्या सरकवून जागा केली, बटण लावलं, आणि आम्ही चौघं त्या आकड्याकडे डोळे लावून बसलो. नव्वद. सत्त्याण्णव. शंभर! पडदा उजळला, वापीच्या दुकानात पहिल्या दिवशी दिसला होता तस्साच. कॅमेरा लावला तर त्यात मनालीचा रडवेला चेहरा आणि मागे भावोजींचं टक्कल. मेडिकलवाल्याने टाळ्या वाजवल्या. मी चार माणसांत भावोजींच्या पाया पडले, बाई! इतकी वर्षं केलेली सगळी टिंगल मी तिथेच मागे घेतली.

शनिवारी ती खोलीत आणि भावोजी दाराबाहेर खुर्चीवर. परीक्षेच्या नियमात होतं, आत कुणी जायचं नाही. मी चहा घेऊन गेले, तर मलाच हाकललं. "सुमन, नियम सगळ्यांना सारखा."

पोरगी निवडली गेली. आम्ही पेढे वाटले, आणि सगळ्यात जास्त पेढे भावोजींनी वाटले, एसटीच्या चालकासकट, पण गाडी थांबल्यावर. निघायच्या दिवशी त्यांनी मनालीच्या हातात एक कागद दिला. स्वतःच्या अक्षरात, क्रमांक घालून. रोज पाणी उकळून पिणे. चार्जर ओल्या हाताने न लावणे. अशा दहा सूचना. अकरावी होती, "बरं वाटत नसेल तर फोन करणे. बरं असेल तरीही करणे."

मनाली दर रविवारी न चुकता त्यांना फोन करते. मला, जन्मदात्या आईला, आठवण झाली तर. भावोजी विचारतात, "जेवलीस?" ती हो म्हणाली की म्हणतात, "बरं, ठेव आता." ताई सांगते, फोन बंद झाला तरी ते बराच वेळ तो हातातच धरून बसतात.