मोठ्या आईची मिरची

"तिले खाज आहे. तिच्या हातचं आमच्या पोरीले नको," शाळेच्या व्हरांड्यात माझ्या मागे बसलेली बाई शेजारणीला म्हणाली. समोर चुलीपाशी मोठी आई खिचडी ढवळत होती. तिनेही ऐकलं. मान मात्र वळवली नाही.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली वहिनी. चामोर्शीकडच्या आमच्या गावात शाळेतल्या मुलांची खिचडी तीच शिजवायची. खाजवून खाजवून तिचे दंड काळे पडले होते. बोलताना, जेवताना, अगदी लग्नात अक्षता टाकतानासुद्धा दुसऱ्या हाताची नखं चालूच. "मिरची आहे ते. जात नाई," एवढंच तिचं उत्तर.

चार वर्षांपूर्वी ती आणि तिचा नवरा, आमचे मोठे बाबा, तेलंगणात मिरची तोडायला गेले होते. मोठे बाबा तिथेच, शेतात कोसळून गेले. पोती नेणाऱ्या गाडीतून ती त्यांना गावी घेऊन आली. रडली नाही, नुसती खाजवत राहिली. मिरची चार वर्षं अंगावर कशी टिकेल, असं मी एकदा विचारलं. "तू तोडली का?" ती म्हणाली.

इंग्रजी येतं म्हणून तिच्यासोबत डॉक्टरांकडे मलाच पाठवलं. ते म्हणाले, कातडी स्वच्छ आहे, कुणाला लागण होणार नाही, पण खाज खरी आहे. दुःख असंही अंगावर येतं. तसं कागदावर लिहूनही दिलं. घरी येऊन मी फक्त म्हणाले, "मनाचं आहे."

"म्हणजे मी नाटक करून राह्यली?"

शाळेत गॅदरिंगला पाठ केलेलं इंग्रजी भाषण मी घडाघडा म्हणायचे, आणि घरच्या बाईला चार शब्द नीट सांगता आले नाहीत. त्यानंतर सांगणंच सोडलं. पण पाहत होते. खिचडी ढवळताना तिची नखं थांबायची. "हात गुंतला की मिरची भुलते," ती म्हणायची. दिवसातले तेवढेच दोन तास तिला सुटका होती.

त्या दिवशी व्हरांड्यात भरलेल्या पालकांच्या सभेत तेच दोन तास काढून घेतले. गुरुजींनी विचारलं, कुणाला काही सांगायचं आहे? कागद माझ्या पर्समध्ये होता. मी पर्सची चेन उघडली, लावली. सोमवारपासून खिचडीला दुसरी बाई, असं ठरलं.

पंगत बसली. अर्ध्या मुलांनी ताटं मागे सरकवली. आणि पहिल्यांदाच, हातात डाव असताना, मोठ्या आईची नखं दंडाकडे गेली.

ठरलेलं बदललं नाही, हे आधीच सांगते. मी फार उशीर केला होता. तरी उठले, एक रिकामं ताट घेतलं, मुलांच्या रांगेत जाऊन बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही खाज कुणाला लागत नाही, डॉक्टरचा कागद माझ्याकडे आहे. मोठी आई, मले वाढ."