नाकावरचा पहारा

अटुहायरेच्या टाळूला जन्मतःच भेग होती, त्यामुळे प्यायलेलं निम्मं दूध नाकातून बाहेर यायचं. तो दोन वर्षांचा झाल्यावर म्बरारा शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी ती भेग शिवली. बोटं तोंडात घालून टाके उसवू नयेत म्हणून त्याच्या दोन्ही कोपरांना पुठ्ठे बांधले होते.

दुसऱ्या दिवशी नर्सने नाचणीची पातळ पेज पाजायला सांगितली. चमच्याने नको, कपानेच. त्याच्या आईने, कोबुसिंगेने, त्याला मांडीवर घेऊन कप ओठांना लावला आणि ती त्याच्या नाकपुड्यांकडे बघत राहिली. टाके धरले नसतील तर पेज तिथूनच येणार होती.

"अगं, त्या नाकात काय सिनेमा लागलाय?" सासूबाई म्हणाल्या.

"थांबा हो आई, एवढा घोट जाऊ दे."

तो घोट गेला, पुढचेही गेले. नाक कोरडंच होतं, तरी तिने हातातला रुमाल खाली ठेवला नाही. एवढ्यात अटुहायरेने भोकाड पसरलं.

"दुखतंय का रे राजा?"

"काही दुखत नाहीये त्याला," सासूबाई उठत म्हणाल्या. "कप रिकामा झालाय. तू बस नाक बघत, मी आणखी पेज आणते."