खांबातलं सोनं

माझी आत्या सोन्याच्या खाणीवर दगड निवडायची. खालून आलेला माल पट्ट्यावरून सरकायचा; काळा दगड बाजूला, पांढरी गारगोटी ठेवायची. कोण्या काळी काळ्या खडकाला भेगा पडल्या, खालचं ऊन पाणी त्यांत शिरलं आणि निवता निवता गारगोटी अन् सोनं मागे ठेवून गेलं. ती पांढरी शीर खोल खोल जात राहिली. शेवटी काढायचा खर्च सोन्याला भारी झाला आणि खाण बंद पडली. पंप थांबले, खालचे बोगदे पाण्यानं भरले.

"जन्मभर सोनं चाळलं, अंगावर गुंजभर नाही," आत्या हसून म्हणायची.

वरचे बोगदे कोरडे होते. तिथं छत पेलायला त्याच शिरेचे जाड खांब मुद्दाम न खोदता ठेवलेले. बेकार माणसं तेच चोरून तासू लागली. त्यांत आत्याचा धाकटा दीर. मांजराच्या पावलानं जायचा, म्हणून सगळे त्याला बोका म्हणत.

एका दुपारी पायाखाली धप्प झालं. फळीवरची भांडी किणकिणली. आतोबा दगडाच्या धुळीनं छाती गेल्यामुळे अंथरुणाला खिळलेले. ते उठून बसले.

"छत बसतंय. बोका कुठाय?"

कोपऱ्यातली पहार जागेवर नव्हती. आत्यानं टॉर्च उचलला आणि धावली.

बोगद्यात वाकून चालावं लागत होतं. वरून बारीक खडी गळत होती. बोका एका खांबाशी बसलेला. खांब मधोमध तासून माणसाच्या कमरेएवढा बारीक केलेला.

"भाऊजी, बाहेर चला."

"वहिनी, हे बघा तरी!"

टॉर्चच्या उजेडात पांढऱ्या दगडात पिवळी रेघ चमकली. पट्ट्यावर इतकी वर्षं काढली, पण असं उघडं सोनं आत्यानं कधी पाहिलं नव्हतं. तिचाही हात पुढे गेला. तेवढ्यात खांबातून काडकन आवाज आला.

"मेल्या, टाक ती पहार! पळ!"

कॉलर धरून तिनं त्याला ओढलं. मागे छत कोसळलं, टॉर्च विझला. बोका किंचाळला, त्याचा पाय दगडाच्या एका चिपेखाली अडकला होता. आत्यानं चाचपडत पहार शोधली, चिपेखाली घातली आणि सगळा भार टाकला. पहिल्यांदा काही हललं नाही. दुसऱ्यांदा बोटभर फट पडली.

"वहिनी, तुम्ही जा."

"गप्प बस आणि पाय ओढ!"

धुळीनं माखलेले दोघं सरपटत उजेडात आले. बोक्याचा घोटा पार चुरला होता. पुढं तो लंगडत चाले. सायकली दुरुस्त करून पोट भरू लागला.

दुसऱ्या दिवशी आत्या बोगद्याच्या तोंडाशी दगड रचायला लागली. शेजारचे दोघं चिडून आले.

"आमच्या पोटावर पाय देताय!"

"पाय पडला तर माणूस उठतो," आत्या म्हणाली. "डोंगर पडला तर नाही."

ते निघून गेले. आत्यानं तोंड बुजवलंच. त्या दोन्ही घरांनी तिच्याशी बोलणं टाकलं; एक पुढं बोलू लागलं, दुसरं कधीच नाही.