नागपूरला ताईकडे उतरा

मी या सदराचा जुना वाचक आहे, पण भाविक वाचक नाही. इथल्या कितीतरी अनुभवांखाली 'रात्री जड जेवत जाऊ नका' असा शेरा मारणारा जो आगाऊ माणूस आहे ना, तो मीच. ज्यांना लागलं असेल त्यांची आज माफी मागतो... अर्धीच मागतो, कारण माझा अजूनही विश्वास बसलेला नाही. पण जे घडलं ते खोटं म्हणायचं तर एका भोळ्या बापलेकीला खोटं पाडावं लागतं, आणि तेही माझ्याच्यानं होत नाही.

आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या बाभुळगावच्या घरात उतारा, अंगारा, अंगात येणं हे सगळं बंद. मी स्वतः पांढरकवड्याच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या एका आश्रमशाळेत वीस वर्षं विज्ञान शिकवतो. दरवर्षी पोरांसमोर नारळातून आग काढून दाखवतो आणि मग ती कशी काढली तेही सांगतो. असा मी माणूस.

आमच्या शाळेतली पोरं गोंड, कोलाम, काही बंजारा. दहावी-बारावी झाली की कुठली ना कुठली परीक्षा द्यायला नागपूर गाठावं लागतं. परीक्षेला सकाळी साडेसातला हजर व्हायचं म्हणजे आदल्या दिवशीच जाऊन राहणं आलं. आणि राहायचं कुठं? बसस्टँडसमोरचे लॉजवाले आधारकार्ड मागतात. बापाच्या कार्डावर आडनाव एक, पोरीच्या कार्डावर त्याचंच स्पेलिंग दुसरं... मग तो काउंटरवरचा माणूस दोघांकडे वरपासून खालपर्यंत बघतो. मोबाईलवर स्वस्तातली खोली बुक करा म्हणावं तर आमच्या पालकांकडे बटणाचे फोन. धर्मशाळा बघाव्या तर त्या पेशंटच्या नातेवाइकांनी भरलेल्या. एक बाप पोराला घेऊन फलाटावरच झोपला होता, आणि सकाळी पोरगं पेपरात पेंगलं.

यावर मी माझ्यापुरता उपाय काढला होता. नागपूरला माझी मोठी बहीण राहायची. दोन खोल्या, दारापुढं टिनाचं छप्पर. डी.एड.ची दोन वर्षं मी तिच्याचकडे काढली. जो कोणी नागपूरला निघाला त्याला मी चिठ्ठी लिहून द्यायचो. वर तिचं नाव, खाली पत्ता, फोन नंबर, बसस्टँडवरून कुठली बस, गल्लीच्या तोंडाशी विहार, निळं दार. आणि शेवटी एक ओळ: 'नागपूरला ताईकडे उतरा. माझं नाव सांगा.'

ताईला विचारायची पद्धतच नव्हती. आपल्या माणसाला काय विचारायचं! पोरं जायची, ती जेवू घालायची, सकाळी चूल... म्हणजे गॅस पेटवून आंघोळीचं पाणी तापवायची आणि स्टॉपपर्यंत सोबत जाऊन कंडक्टरला बजावायची, की या पोराला बरोब्बर सेंटरपाशी उतरव. चिठ्ठ्या कितीजणांना दिल्या हे मला आठवतही नाही. आमच्याकडे अशी चिठ्ठी मोठ्या भावाकडून धाकट्याकडे जाते, शाळेच्या दाखल्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली जाते.

सहाएक वर्षांपूर्वी पोलीस भरतीच्या वेळी मी एकदम सहा पोरं पाठवली. त्या आठवड्यात भाऊजींचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. मला माहीत नव्हतं, कारण मी फोनच केला नव्हता. दोन खोल्यांत सहा दणकट पोरं आणि टाके घातलेला माणूस. दुसऱ्या दिवशी भाऊजींचा फोन आला. ओरडले वगैरे नाहीत. एवढंच म्हणाले, "सर, हे घर हाय. पाठवाच्या आंधी एक फोन करत जा."

त्यांनी 'दिनू' न म्हणता 'सर' म्हटलं, तेच मला झोंबलं. मी म्हणालो, यापुढं माझा एकही माणूस तुमच्या दारात येणार नाही. आणि शब्द पाळला! आमच्यात आणखी काही नाही, पण अकड भरपूर. पोरं पाठवणं बंद केलं, स्वतः जाणंही बंद केलं. एकदा तीन दिवसांचं ट्रेनिंग नागपूरलाच निघालं. मी एका ओळखीच्याला विचारून स्वस्तातला लॉज शोधला. ताईच्या घरापासून चालत पंधरा मिनिटं. खोलीला खिडकी नाही, गादीला वास, आणि तीन रात्री मी तिथं हट्टानं झोपलो. बहीण शहरात असताना लॉजवर उतरणं म्हणजे आमच्याकडे काय असतं हे मला चांगलं माहीत होतं. म्हणूनच उतरलो.

कोणीतरी मला बघितलं आणि ताईला सांगितलं. तिनं मला फोन केला नाही, माझ्या बायकोला केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "दिनू लॉजवर उतरला म्हणे... जेवला तरी कुठं?" बायकोनं मला हे सांगितलं तेव्हा मी पेपर तपासत होतो. तपासतच राहिलो.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ताई गेली. सकाळी उठलीच नाही. बाभुळगावहून निघून पोचेपर्यंत तिला बाहेर टिनाखाली ठेवलेलं होतं. मी चार वर्षांनी त्या दारात गेलो तो असा. तेरावं-बिरावं आम्ही करत नाही, पण सातव्या दिवशीचं वंदनेचं सगळं आटपल्यावर ताईचा मुलगा भाऊजींना पुण्याला घेऊन गेला. जाताना वीज बंद करून घेतली, गॅस परत केला, कूलर शेजारच्या काकूंना देऊन टाकला. किल्लीही त्यांच्याचकडे. घर बंद.

आता खरी गोष्ट.

ती मे महिन्यातली, म्हणजे घर बंद होऊन चार-पाच महिने झाले होते. सुट्टी असली तरी मी कामासाठी शाळेत आलो होतो. दुपारी भीमराव टेकाम आणि त्याची मुलगी मनीषा आले. मनीषा दहावीपर्यंत आमच्याकडे होती, बारावीला यवतमाळच्या कॉलेजात गेली, त्यामुळे माझ्या घरचं काही तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं. सोबत एक पिशवी भरून चारं, म्हणजे चारोळीची फळं, आणली होती, जंगलातली, काळीभोर पिकलेली. मला वाटलं दाखला वगैरे पाहिजे असेल. तर भीमराव म्हणाला, नर्सिंगची परीक्षा देऊन आलो, तुमचे उपकार झाले.

मी विचारलं, माझे कसले उपकार?

तो म्हणाला, आधी स्टँडजवळ दोन लॉजवाल्यांनी हाकललं. मग पोरीनं तिच्या मोठ्या भावाच्या पिशवीतली माझी जुनी चिठ्ठी काढली. नंबर लावला तर बंद. मग पत्ता विचारत विचारत गेले. "बाईनं लय केलं, सर. आपल्या घरचं मानूस करन असं केलं."

मी खुर्चीत नीट बसलो. आवाज साधा ठेवून विचारलं, कोणत्या बाईनं?

"तुमच्या ताईनं," मनीषा म्हणाली.

मी तिला सगळं परत विचारलं. वर्गात विचारतो तसं, उलटसुलट. चार वाजता पोचले. गल्लीच्या तोंडाशी विहार होता. दार निळं होतं आणि उघडं होतं. बाई ठेंगणी, केस पांढरे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. चिठ्ठी वाचली आणि हसली. वांग्याची भाजी आणि पोळ्या केल्या. मनीषाला कूलरसमोर झोपवलं, भीमराव बाहेर टिनाखाली झोपला. सकाळी पाणी तापवून दिलं, स्टॉपवर आली, कंडक्टरला सांगितलं. फोटो काढला का? नाही. चिठ्ठी कुठं आहे? "त्यायनंच ठेवून घेतली."

मग पोरगी थोडी लाजत म्हणाली, की जेवताना बाईनं एक विचारलं होतं, आम्हाला हसूच आलं. "म्हने, तुमचा सर आताबी ताकभातावर साखर टाकून खाते काय?"

डी.एड.च्या त्या दोन वर्षांत मी तसा खायचो. ताई कटकट करायची आणि तरी साखरेचा डबा पुढं सरकवायची. लग्नानंतर मी सोडून दिलं, बायकोलासुद्धा माहीत नाही. मी त्या दोघांना काही सांगितलं नाही. पोरगी पास व्हायची होती, तिच्या मनात भीती कशाला घालू? ते गेल्यावर मी स्टाफरूमचं दार लावून घेतलं आणि रडलो. भीती मला वाटलीच नाही. वाईट वाटलं... फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. परक्या पोरीला वाढलंस आणि मला विचारलंस तेही तिच्या तोंडून!

त्याच संध्याकाळी पुण्याला फोन लावला. अंत्यविधीनंतर पहिल्यांदाच. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू पोरं पाठवनं बंद केलं ना, मंग घरात कोनी येतच नव्हतं. तिले आपल्याकडचं बोलाले कोनी राह्यलं नाई. मले म्हने, तुमी दोघं भांडले अन् शिक्षा मले देली."

मी चार वर्षं भाऊजींना धडा शिकवत होतो. तो धडा कोणाला बसत होता हे मला तेव्हा कळलं.

त्याच आठवड्यात मी नागपूरला गेलो. काकूंनी किल्ली दिली आणि शपथेवर सांगितलं की कुलूप कोणी उघडलेलं नाही, त्या दोन्ही दिवशी त्या घरीच होत्या, कोणी आलेलं दिसलं नाही. कुलूप गंजलं होतं, तेल टाकून उघडावं लागलं. आत फरशीवर धुळीचा थर, त्यावर पालीच्या लेंड्या, आणि पाऊल माझं एकट्याचं. नळाला पाणी नाही, शेगडीला सिलिंडर नाही. कूलरच्या जागी रिकामा स्टूल. चिठ्ठी सगळीकडे शोधली, फळीवर, गादीखाली, तिच्या चष्म्याच्या डबीत. नव्हती. गल्लीत घरोघरी विचारलं की कोणी बापलेकीला ठेवून घेतलं होतं का. कोणीच नाही.

शाळेत पोरांना शिकवतो तसं मीही एकेक शक्यता तपासली आहे. मनीषाचा भाऊ पूर्वी तिथं राहिला होता, साखरेचं त्यानं ऐकून घरी सांगितलं असेल. त्याला विचारलं, त्याला आठवत नाही. दुसऱ्याच घरात गेले असतील. मग निळं दार, ताईच्या चष्म्यासारखी दोरा बांधलेली काडी, तेच विहार? आणि खोटं बोलून त्या दोघांना मिळणार काय होतं? उलट चारं देऊन गेले.

मी तिथं दोन दिवस राहिलो. झाडून काढलं, काकूंकडून बादलीनं पाणी आणून फरशी पुसली. सतरंजीवर बसून मोठ्यानं म्हणालो, "ताई, मी आलो. लॉजवर नाई गेलो." विज्ञानाचा मास्तर रिकाम्या खोलीत हे बोलला, हसायचं त्यानं हसावं. दोन्ही दिवस काहीही झालं नाही. ना आवाज, ना वास, ना स्वप्न. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप लावून एकटाच स्टॉपवर गेलो.

भाऊजींना विचारून — हो, या वेळी आधी फोन करून — मी त्या घराची वीज सुरू करून घेतली. छोटी शेगडी, चार सतरंज्या, सेकंडहँड कूलर ठेवला. आता पोरं परत तिथं उतरतात. किल्ली काकूंकडून घेतात, राहतात, झाडून निघतात. त्यातल्या एकालाही मी ही गोष्ट सांगितलेली नाही. मनीषा आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिलाही नाही. याचा उलगडा तुमच्यापैकी कोणाला होत असेल तर जरूर लिहा. 'रात्री जड जेवू नका' एवढं लिहिलंत तरी मी रागावणार नाही.

पोरगं नागपूरहून परत आलं की मी आधी पेपर कसा गेला ते विचारतो. मग सहज विचारल्यासारखं विचारतो, जेवायचं काय केलं, कोणी वाढलं का?

पोरं म्हणतात, "नाई सर, कोन वाढन? आमीच खिचडी टाकली."