व्हरांड्यातली एकच खुर्ची

त्या बेटावर पूर्वी गोऱ्या गव्हर्नरचा बंगला होता, आता तिथे संग्रहालय आहे. नाचाच्या दालनामागच्या व्हरांड्यात, समुद्राकडे तोंड करून, एकच वेताची खुर्ची मांडलेली दिसली. खरं तर तिथे दहा खुर्च्या मावल्या असत्या.

"साहेबांच्या आधी मेजवानीतून कुणी उठायचं नाही, असा रिवाज होता," रखवालदार म्हणाला. त्याचे आजोबा इथे खानसामा होते. "साहेब समोर असले की कुणी मोकळं हसायचंही नाही. म्हणून झोप आली असं सांगून ते लवकर उठायचे आणि इथे येऊन बसायचे. मग आत रंग भरायचा."

भिंतीवर त्या गव्हर्नरची तीन बेटांवरची छायाचित्रं होती. दर बदलीला बेट नवं, टोपीवरची पिसं तीच, आणि शेजारी कुणी नाही. हुकूम गाजवायला आलेल्या माणसाची कीव करू नये, हे मला कळतं. तरी त्या खुर्चीपाशी मी रेंगाळले.

मी बारा वर्षं मुख्याध्यापिका होते. माझ्या चपलांचा आवाज आला की शिक्षकखोलीतलं हसणं थांबायचं. पुढे पुढे मी डबा माझ्या खोलीतच खाऊ लागले.

धक्क्यावर परतले, तेव्हा माझ्याबरोबर सहलीला आलेल्या शाळेतल्या जुन्या सहकारी शहाळी पीत खिदळत होत्या. मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली आहेत. मी येताना दिसले, आणि सगळ्या बाकावरून उठून उभ्या राहिल्या.