कवीकाकूंचं कपाळ

कवीकाकूंना नवऱ्याची एकही कविता पाठ नव्हती आणि हे त्या कुणालाही तोंडावर सांगत. यजमान नामांकित कवी. ते गेल्यावरही त्यांच्या नावानं लोक गंगाखेडला येत. काकू त्यांना चहा देत आणि म्हणत, "ते कविता करायचे, मी भाकरी. माझी भाकरी कुणी छापली न्हाई."

मी शेजारची नवी सून. रोज सकाळी काकू गळ्यातल्या लिंगाची पूजा आटोपून अंगठ्यानं कपाळावर विभूतीचा गोल ठसा उमटवत आणि मग आमच्या दारात येत. "काय गं, चहा मिळाला का अजून सासूची वाट बघायलीस?"

निजामाच्या राज्यातली ती शेवटची वर्षं. हैदराबादच्या एका छापखान्यानं यजमानांच्या कवितांचं पुस्तक काढायला घेतलं. त्यात काकूंचं चित्र हवं म्हणून लाकडावर कोरणारा एक कारागीर आला आणि ओसरीवर बसून पेन्सिलीनं चेहरा उतरवून घेऊन गेला. पुस्तक आलं. सुरकुत्या, डोक्यावरचा पदर, सगळं हुबेहूब. फक्त कपाळावर काळा गोल. विभूती पांढरी दिसायची तर तिथलं लाकूड कोरून काढायला हवं होतं. त्यानं ते ठेवलं, आणि ठेवलेल्या लाकडाला शाई लागते. बाईच्या कपाळावर कुंकूच असतं, एवढंच त्याच्या हाताला ठाऊक असावं.

गावाला त्यात विधवेचं कुंकू दिसलं. रोज त्यांची विभूती बघणारेही म्हणायला लागले, "त्या दिवशी लावलं असंल." दिरांनी पुस्तकांचा गठ्ठा काकूंपुढे आपटला. "वयनी, सुई घ्या अन् एकूणएक खरडा. न्हाईतर या घरात ऱ्हाता येणार न्हाई."

"भावजी, ती विभूती हाय," काकू म्हणाल्या. "खरडली तर कुंकू होतं म्हणून मीच कबूल केल्यासारखं व्हईल."

दुसऱ्या दिवशी त्या बैलगाडीनं राणीसावरगावला बहिणीकडे निघाल्या. जाताना एक पुस्तक माझ्या हातात दिलं. "सासूला दाखवू नको. लय भेती ती लोकांला."

सासूबाईंना ते चार दिवसांत सापडलं. त्यांनी सुई पुढे केली. ती विभूती होती हे माझ्याइतकं कुणी पाहिलं नव्हतं. तरी मी खरडलं. कागद पातळ होता.

काकू परत आल्या नाहीत. पुस्तक अजून माझ्याकडे आहे. चेहरा हुबेहूब, पदर हुबेहूब. कपाळाच्या जागी भोक आहे आणि त्यातून पुढच्या पानावरच्या कवितेचं एक अक्षर दिसतं.